कूळ : एका शब्दाची वहिवाट

(शताब्दी महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत जिवंत माणसाला लावले जाणारे नपुंसकलिंगी शब्द फार नाहीत. मूल, लेकरू, पोर हे त्यांपैकी काही. त्यांची वये लहान असतात, म्हणून व्याकरणाने त्यांच्यावर लिंगाचे ओझे टाकलेले नाही. दुसरा शब्द गिऱ्हाईक. दुकानात येणारा पुरुष असो वा स्त्री, दुकानदाराच्या दृष्टीने ते गिऱ्हाईक असते, कारण त्याची ओळख त्याच्या पैशापुरती असते. आणि तिसरा शब्द कूळ. खोत, भाटकार, सावकार, मामलेदार, तलाठी, कारकून हे सगळे पुल्लिंगी. त्यांच्यासाठी नांगर धरणारा, चिखलात उभा राहणारा आणि सुगी झाली की भाताची रास मापून देणारा माणूस तेवढा नपुंसकलिंगी. ‘कूळ आले आहे, खाली अंगणात थांबले आहे’ असे वाक्य पेडण्याच्या जुन्या घरांतून सहज उच्चारले जाई. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे, आणि अंगणात थांबलेल्यालाही वाटत नसावे. भाषेची वहिवाट अशीच पडते.

हाच शब्द ओसरीवरून देवघरात गेला की त्याचे तेज पालटते. तेथे कूळ म्हणजे वंश, घराणे, परंपरा. कुलदैवत, कुलाचार, कुलवंत, कुलीन हे शब्द त्याच मुळापासून निघालेले. गोमंतकात तर या अर्थाचा विस्तार मोठा आहे. देवस्थानाशी वंशपरंपरेने बांधलेली माणसे ‘कुळावी’. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे माहेर हे कोंकणी बोलीत ‘कुळार’. म्हणजे ज्याला कूळ आहे तो अभिमानाने ते सांगतो, आणि जो कूळ आहे तो मान खाली घालून उभा राहतो. ‘असणे’ या एका क्रियापदाच्या दोन वापरांत सगळी समाजरचना सामावली आहे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. कुळाचे मूळ मात्र पुढे प्रत्येक कचेरीत शोधले गेले, आणि ते सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर पडला. पण त्या हकिगतीकडे वळण्यापूर्वी शब्दाचा प्रवास पाहिला पाहिजे.

घराणे या अर्थाच्या शब्दाने जमीन कसणाऱ्या माणसाचा बोध का व्हावा? हा काही मराठीपुरता योगायोग नव्हे. ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुंबिन्’ पासून आला, असे भाषाभ्यासक सामान्यतः मानतात. कुटुंबिन् म्हणजे कुटुंब असलेला, गृहस्थ. प्राचीन लेखांत तो शेती करणारा गृहस्थ म्हणून येतो. शेजारच्या कन्नडमध्ये ‘ओक्कलु’ या शब्दात घर, कुटुंब आणि जमीन कसणारी असामी हे अर्थ एकत्र नांदतात; ओक्कलिग हे शेतकरी समाजाचे नाव त्यातूनच आले. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दहा गावांच्या अधिकाऱ्याला एक ‘कुल’ उपभोगण्यास द्यावे असे म्हटले आहे. तेथे कुल हे जमिनीचे परिमाण आहे, ठरावीक नांगरांनी कसली जाणारी जमीन. या सगळ्यांतून एक गोष्ट दिसते. राज्यकर्त्याला वसुलीसाठी माणसे मोजावयाची नसत, चुली मोजावयाच्या असत. एका चुलीभोवतीचे घर म्हणजे एक कूळ, आणि त्या घराकडून येणे असलेला सारा म्हणजे त्या कुळाचा सारा. हळूहळू घर मागे पडले आणि देणे तेवढे शिल्लक राहिले. कुळांचे हे देणे लिहून ठेवणारा तो कुळकर्णी. प्रत्येक असामीशी वेगळा हिशेब ठेवण्याच्या पद्धतीला ‘कुळवार’ म्हणत. पुढे सरकारचे देणे असलेला, मालकाचे देणे असलेला आणि सावकाराचे देणे असलेला हे तिघेही कूळच झाले. ‘सावकाराचे कूळ’ म्हणजे त्याचा कर्जदार. ज्याच्याकडून काही येणे आहे तो, एवढाच अर्थ उरला.

मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत हे दोन्ही कोश बहुधा शेजारी शेजारी असतात. ‘कूळ’ या शब्दापाशी ते उघडून पाहावेत. वंश, कुटुंब, खंडकरी, देणेकरी हे अर्थ एकाच नोंदीत खाली खाली उतरत जातात. कोशकाराचा काही दोष नाही. त्याने जे ऐकले ते लिहिले. पण वाचकाला ती एक उतरंड दिसल्यावाचून राहत नाही.

कुळाचे भाईबंद असलेले दुसरे शब्दही याच उतरणीवरून गेले. कुणबी म्हणजे गृहस्थ. त्यापासून ‘कुणबट’ आणि ‘कुणबाऊ’ झाले, ज्यांचा अर्थ अडाणी, गावंढळ. कोकणात ‘कुळवाडी’ हा शब्द कसणाऱ्या समाजाचे नाव आहे, आणि पांढरपेशांच्या तोंडी तो हेटाळणीचाही शब्द होता. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवछत्रपतींवर पवाडा रचला, तेव्हा त्यांनी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. हे विशेषण आज इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील धार जाणवत नाही. गोब्राह्मणप्रतिपालक ही पदवी रूढ असताना, ज्या शब्दाने लोक नाक मुरडीत त्याच शब्दापुढे ‘भूषण’ लावणे हे मोठे धाडस होते. नवा शब्द न घडवता पायदळी पडलेलाच शब्द त्यांनी उचलला. गोमंतकातही पुढे कुळाच्या बाबतीत असेच काहीसे घडले; फरक इतकाच, की तेथे ते काम कवीने केले नाही, कायद्याने केले.

आता पेडण्याकडे येऊ. दक्षिणेस शापोरा नदी, उत्तरेस तेरेखोलची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस हळर्ण, इब्रामपूर, हणखण्याकडचा डोंगराळ मुलूख. सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखालून हा महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेल्या होत्या. ‘नव्या काबिजादी’ असे नाव मिळालेल्या या मुलखात धर्म, देवस्थाने आणि रीतिरिवाज बरेचसे पूर्ववत राहिले, आणि मराठी ही लिहिण्यावाचण्याची भाषा म्हणून टिकली. जमिनीवरील जुनी घराणीही टिकली. पेडण्याच्या देशप्रभूंचे घराणे त्यांत सर्वांत मोठे, पोर्तुगीज दरबाराकडून व्हायकौंटचा किताब मिळालेले. त्याखेरीज देवस्थानांच्या जमिनी होत्या, लहानमोठे भाटकार होते, आणि मुंबईला जाऊन राहिलेले, वर्षातून एकदा चतुर्थीला येणारे मालकही होते.

या जमिनी एकसारख्या नव्हत्या, आणि कूळही म्हणून एकसारखे नव्हते. कोरगाव, आगरवाडा, मोरजी या बाजूला खाडीकाठची खाजने. तेथे खारे पाणी बांधाने अडवायचे आणि ‘मानशी’च्या दारातून भरती-ओहोटीच्या हिशेबाने आत-बाहेर सोडायचे. बांध एका रात्रीत फुटला की साऱ्या गावाचे पीक जाते, म्हणून तेथील कूळ एकटे शेती करूच शकत नाही. मधल्या सखल पट्ट्यातील शेतांना ‘खेर’ म्हणतात. पाण्याची सोय असली की तेथे पावसाळी पिकानंतर वायंगणही निघते. वरच्या ‘मोरडा’वर पावसाच्या भरवशाचे एकच पीक. डोंगरउतारावर काजू. खाजनातले कूळ पाण्याशी भांडते, मोरडावरचे कूळ पाण्याची वाट पाहते. जमिनीच्या कागदावर मात्र दोघांची नोंद एकाच शब्दाने होते.

गोमंतकात कुळाच्या जोडीला आणखी एक शब्द आहे, आणि बाहेरच्या वाचकाला तो हमखास गोंधळात टाकतो. तो म्हणजे मुंडकार. वृत्तपत्रांतून ‘कूळ-मुंडकार’ हे दोन शब्द एका श्वासात येतात, त्यामुळे ते समानार्थी वाटतात. तसे ते नाहीत. कुळाचा संबंध शेताशी, मुंडकाराचा घराशी. भाटकाराच्या भाटात, म्हणजे माडांच्या किंवा इतर झाडांच्या बागायतीत, त्याच्या संमतीने घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर त्याने स्वतःच्या हातांनी उभारलेले असे. भिंती त्याच्या, पण भिंतीखालची माती दुसऱ्याची. त्या बदल्यात त्याने नारळांची राखण करावी, भाटकाराकडच्या लग्नकार्यात राबावे, हाक मारली की यावे, अशी वहिवाट असे. एकच माणूस एका भाटकाराचा मुंडकार आणि दुसऱ्या मालकाचे कूळ असू शकतो, आणि पुष्कळदा असतोच. कूळ शेतातून उठवले गेले तर पोट जाते, मुंडकार उठवला गेला तर छप्पर जाते. या दोन भयांची जात वेगळी आहे, म्हणून शब्दही वेगळे आहेत. ते वेगळेच राहिले पाहिजेत.

येथे ‘रेंदेर’ या शब्दाचाही उल्लेख करावयास हवा. माडावर चढून सूर काढणाऱ्याला गोव्यात रेंदेर म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज ‘रेंदेइरो’ यापासून आला आहे. त्याचा अर्थ खंडाने घेणारा, मक्तेदार. म्हणजे धंद्याच्या कौशल्यावरून हे नाव पडलेले नाही, ते माड खंडाने घेण्याच्या करारावरून पडले आहे. गरिबाचे नाव त्याच्या हातातील कसबावरून न पडता त्याच्या डोक्यावरील देण्यावरून पडावे, हे मराठी आणि पोर्तुगीज या दोन अगदी निराळ्या भाषांनी स्वतंत्रपणे केले आहे.

कुळाच्या हक्काचा लढा गोव्याच्या आधी उत्तर कोकणात झाला, आणि त्याचा पडसाद सीमेपलीकडे पोहोचला नसेल असे मानणे कठीण आहे. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. स्वतःची उपासमार पत्करून केलेला असा संप जगातही विरळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आली. त्यानंतर १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा महाराष्ट्रातील कृषकदिन. तेरेखोलच्या पलीकडच्या तीरावर हे सारे घडत असताना अलीकडच्या तीरावर पोर्तुगीज अंमल होता. नातीगोती दोन्ही तीरांवर, बोली जवळपास एकच, आणि कूळ या शब्दाचा कायद्यातील अर्थ मात्र दोन तीरांवर दोन.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पहिल्या निवडणुकीनंतर, २० डिसेंबर १९६३ रोजी, मुख्यमंत्रिपदी आलेले दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर हे मूळ पेडण्यात जन्मलेले. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा गोव्याच्या खेड्यांत त्यांच्याच काळात घुमली. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडाची मर्यादा उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आणली आणि मनात येईल तेव्हा कूळ काढण्याला आळा घातला. १९७१ मध्ये काजू आणि सुपारीच्या बागायतींतील कुळांसाठी वेगळा कायदा झाला. बांदोडकरांचे निधन १२ ऑगस्ट १९७३ रोजी झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत उरलेली दोन मोठी पावले पडली. मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदा १२ मार्च १९७६ पासून अंमलात आला. १२ मार्च हा भाऊसाहेबांचा जन्मदिवस. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ हा गोव्याचा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जे कूळ होते ते कायद्याच्या दृष्टीने जमिनीचे खरेदीदार झाले. जमीनमालकांनी या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले, प्रकरणे वर्षानुवर्षे चालली, आणि पुढे तिचा समावेश घटनेच्या नवव्या परिशिष्टात करावा लागला.

सन-तारखांचा हा पाढा अशासाठी, की त्यानंतर शब्दाचा वापर कसा फिरला ते पाहता यावे. पूर्वी कूळ या शब्दापुढे येणारी क्रियापदे सगळी मालकाच्या हातची होती. कूळ ठेवले, कूळ बदलले, कूळ काढले, कूळ उठवले. कर्ता मालक, कर्म कूळ. १९७६ नंतर वेगळी क्रियापदे ऐकू येऊ लागली. कूळ लागले. कूळ सिद्ध झाले. कूळ म्हणून नाव चढले. या वाक्यांतून मालक बाहेर पडला आहे. ‘जमिनीला कूळ लागले’ हे वाक्य मालक कपाळाला हात लावून म्हणतो आणि कसणारा देवाला नारळ ठेवून म्हणतो. शब्द तोच, लिंगही तेच, पण आता त्याला भाव आला. ज्या शब्दाने बापाला अंगणात उभे केले, तोच शब्द आपल्या नावापुढे लागावा म्हणून मुलगा मामलेदाराच्या कचेरीत खेपा घालू लागला.

त्या खेपांचे कारण एका कागदात आहे. १९६८ च्या महसूल संहितेनंतर जमिनींची मोजणी होऊन जे दफ्तर तयार झाले, त्यातील ‘नमुना एक व चौदा’ हा महाराष्ट्रातील सात-बाराचा गोव्यातील भाऊ. बोलताना लोक त्याला ‘एक-चौदा’ म्हणतात. त्यात कब्जेदाराचा रकाना आहे आणि कुळाचा रकाना आहे. त्या दुसऱ्या रकान्यात नाव असणे आणि नसणे यांत एका कुटुंबाचे भवितव्य आहे. पण मोजणीच्या वेळी ज्याचे नाव सांगितले गेले त्याचे लागले. कोणी मुंबईला गिरणीत होता, कोणी अशिक्षित होता, कोणाला भाटकाराचे मिंधेपण तोडवेना. खंडाच्या पावत्या देण्याची चाल सर्वत्र नव्हतीच. भात मापून दिले, मालकाने वहीत टिपले, आणि वही मालकाच्याच पेटीत राहिली. कायद्याचा नियम तसा सोपा आहे. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो तो कूळ. मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती, मजुरीवरचा गडी आणि गहाणदार तेवढे वगळायचे. परंतु सारा वाद त्या वगळण्यातच आहे. मालक म्हणतो, हा माझा गडी होता. कसणारा म्हणतो, मी कूळ होतो. दोघेही एकाच माणसाचे, एकाच शेताचे, एकाच पावसाळ्याचे वर्णन करीत असतात. न्यायनिवाडा अखेर एका नामाचा असतो. याहून मोठी शब्दार्थमीमांसा कोणत्या विद्यापीठात चालत असेल?

येथे मालकांच्या बाजूचेही एक सांगितले पाहिजे. सगळे भाटकार वाड्यात राहणारे नव्हते. एकाच तुकड्याच्या खंडावर गुजराण करणारी एखादी निराधार स्त्री हीही कागदावर जमीनमालकच होती, आणि तिचे नुकसान वाड्याच्या नुकसानीपेक्षा जिव्हारी लागणारे होते. तरीही समग्र हिशेब मांडला तर या कायद्याने जे दिले ते मोठे होते, यात शंका नाही. त्रुटी आहे ती दिलेले पूर्ण हाती न पडण्याची. खरेदीची किंमत ठरून, ती भरून, प्रमाणपत्र घेऊन कब्जेदाराच्या रकान्यात जाणे ही वाट अनेकांनी अर्ध्यावरच सोडली. मुंडकाराला खेड्यात घरासह ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी आधी मुंडकार म्हणून नोंद व्हावी लागते. २०१४ मध्ये कूळ खटले मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे देण्यात आले. गरीब कुळाला वकील आणि न्यायालय परवडणार कसे, असा गहजब झाला, आणि पुढे ते मामलेदारांकडे परत आणावे लागले. या येरझाऱ्यांत माणसे म्हातारी झाली. खटला आजोबाने गुदरला आणि नातू तारखेला जातो, अशी घरे या तालुक्यात शोधावी लागत नाहीत.

काही माणसे या शब्दाच्या कुंपणाबाहेरच राहिली. डिचोली तालुक्यातील मये गाव हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील बहुतेक जमीन ‘कोंद द मायें’ या पोर्तुगीज किताबाच्या घराण्याची. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालला गेला, म्हणून ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली. गावकरी पिढ्यान् पिढ्या तेथेच राहत आणि कसत होते; पण मालक सरकारच झाल्यामुळे शेजारच्या गावांतील कुळा-मुंडकारांना जो कायदा लागला तो त्यांना त्याच रीतीने लागेना. घर दुरुस्त करावयाचे तर कस्टोडियनची परवानगी. दीर्घ आंदोलनानंतर २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि अलीकडच्या वर्षांत सनदा देण्यास आरंभ झाला. मुक्तीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ एक सबंध गाव आपल्याला नेमके काय म्हणावे याच प्रश्नापाशी खोळंबला होता. मोपाच्या पठारावरच्या धनगरांचीही गोष्ट अशीच. गुरे घेऊन पठारावर वावरणाऱ्याला शेतही नाही आणि भाटही नाही. मग तो कूळ कसा आणि मुंडकार कसा? २०२२ मध्ये तेथे विमानतळ उभा राहिला, आणि त्याआधी पठारावरील धनगर कुटुंबांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले.

आणि स्त्रिया. तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, भात वारवणे ही कामे मुख्यत्वे त्यांची. कूळ हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने निदान व्याकरणाने तरी तिला त्यात जागा होती. मूल म्हटले की मुलगी त्यात येते, तसे कूळ म्हटले की कसणारी बाईही यावयास हरकत नव्हती. पण रकान्यात नाव चढले ते बहुधा घरच्या पुरुषाचे. दुर्बल म्हणून नपुंसकलिंगी केलेला शब्द हक्काचा होताच व्यवहारात पुल्लिंगी होऊन बसला.

खाजनांत मात्र या शब्दाने वेगळे वळण घेतले. तेथे कुळांचे संघ स्थापन झाले, बांध आणि मानशी यांची देखभाल त्यांच्याकडे आली, आणि मानशीवरील मासळीच्या लिलावाचे, म्हणजे ‘पावणी’चे, उत्पन्नही आले. एकट्याने उभे राहणारे कूळ अनेकवचनात संस्था झाले. पण ज्या उत्पन्नातून बांध राखायचा ते मासळीचे उत्पन्न भातापेक्षा जड होऊ लागले, तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. शेत बुडाले, पावणी चालू राहिली. अशा संघाला कूळसंघ म्हणावे काय, हा प्रश्न गावांतूनच विचारला गेला आहे.

आजकाल सभांतून, घोषणांतून आणि योजनांतून ‘शेतकरी’ हा एकच शब्द वापरण्याची रीत पडली आहे. तो सभ्य शब्द आहे, सर्वांना सामावून घेणारा आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. शंभर माडांचा मालक शेतकरी, त्याचे कूळ शेतकरी, त्या कुळाच्या शेतात रोजावर येणारी बाईही शेतकरी. २०२३ मध्ये गोव्यात भातशेतीच्या जमिनी शेतकरी नसलेल्यांना विकण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यामुळे शेतकरी कोण, हा प्रश्नही आता कचेरीत पुराव्यानिशी सोडवावा लागणार. शेजारच्या महाराष्ट्रात ‘कुणबी’ या नोंदीसाठी जुनी दफ्तरे चाळली जात आहेत. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांचा समावेश २००३ मध्ये अनुसूचित जमातींत झाला. एकेकाळी टाळले जाणारे हे शब्द आज प्रमाणपत्रावर हवे आहेत. या शब्दांकडे ज्यांनी नाक मुरडले त्यांच्याच नातवंडांनी त्यांसाठी रांग लावावी, हा काळाचा विनोद आहे खरा. पण त्या रांगेत खरोखर गरजू माणूसही उभा असतो, हे विसरून हसता येत नाही.

पेडण्यातील शेतांची सध्याची स्थिती पाहिली तर या शब्दाची शेवटची करामत दिसते. १९७६ मध्ये जी कुळे होती त्यांची मुले शिकली, नोकरीला लागली. पुष्कळ शेते पडीक आहेत. गावात एखादा कसणारा असतो, त्याच्याजवळ पॉवर टिलर असतो, अंगात जोर असतो, त्याला शेत हवेही असते. परंतु मालक झालेले ते जुने कूळ शेत खंडाने देत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : ‘कूळ लागेल.’ भाटकाराच्या तोंडचे जुने भय आता कुळाच्या तोंडी आले आहे. म्हणून जेथे शेत दिले जाते तेथे कागद नसतो, पावती नसते, आणि मुख्य म्हणजे नाव नसते. शेत ‘सांभाळायला’ दिलेले असते. भात निघाल्यावर चार पोती मालकाच्या घरी येतात, त्यांना कोणी खंड म्हणत नाही. ‘तो देतो’ एवढेच म्हणतात. पाऊस बुडाला, रानडुकरांनी शेत उजाडले किंवा मयेतल्याप्रमाणे खाणीची माती ओहोळातून शेतात उतरली, तर नुकसानभरपाईच्या अर्जावर सही त्याची चालत नाही. तो तुमचा कोण, असे विचारले तर घरचा माणूस क्षणभर थांबतो आणि ‘आमचाच आहे तो’ म्हणून वेळ मारून नेतो. बोलण्यात तो पुल्लिंगी झाला आहे. एक-चौदाच्या कुळाच्या रकान्यात अजून १९७६ मधल्याच माणसाचे नाव आहे.